जागा धरून ठेव

संध्याकाळचे पावणेसहा. चिपळूणच्या एसटी स्टँडवर दसपटीकडची गाडी मागं मागं येत असते. ती अजून फलाटाला टेकलेली नसते, कंडक्टर तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवत ‘ओ, थांबा जरा’ म्हणून ओरडत असतो, आणि तेवढ्यात खिडक्यांतून सॅका आत जायला लागतात. सॅक, छत्री, ओढणी, जेवणाचा रिकामा डबा. मी गेले त्या दिवशी मागून तिसऱ्या बाकावर कुणीतरी नुसती पाण्याची अर्धी बाटली ठेवली होती. दार उघडेपर्यंत निम्मी गाडी भरलेली, आणि आत माणूस एकही नाही. ही वहिवाट कुठल्या नियमात लिहिलेली नाही, पण बाटली उचलून तिथं बसायची कुणाची छाती होत नाही. माझीही झाली नाही.

जुलै संपत आला होता. वरच्या वाड्यांतली लावणी अजून उरकली नव्हती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं तीन जागा धरल्या होत्या. दोन भरल्या, तिसरी रिकामी राहिली. गाडी सुटायला चार-पाच मिनिटं उरली तेव्हा तिनं फोन लावला.

‘‘कुठं आहेस गो? कॉलेजला आलीच नव्हतीस? लावणी काय... मग सांगायचं नाय होतं? उद्या जर्नलवर सही घ्यायचा शेवटचा दिवस आहे. बरं, ऐक. आकृत्या किती राहिल्यात? तीन? सकाळच्या गाडीला जर्नल घेऊन स्टॉपवर उभी राहा. मी खिडकीतून घेते. पहिल्या लेक्चरच्या आधी काढून टाकते.’’

फोन ठेवून तिनं शेजारणीला सांगितलं, ‘‘चिखलात उभी आहे ती. उद्यापण येणार नाय.’’ मग तिसऱ्या जागेवरची ओढणी उचलली आणि उभ्या असलेल्या एका आजींना म्हणाली, ‘‘बसा आजी.’’

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय दिला तो एका शब्दाचा: सोबत. ‘तुम्ही तरुण मुलांकडं जा,’ एवढंच वर सांगितलं. मी डिसेंबरात एका शिबिराला गेले होते, आणि तिथल्याच काही मुलामुलींना पुन्हा भेटायला जुलैत या स्टँडवर आले होते. मधल्या सात महिन्यांत शिबिरातल्या मैत्रीचं काय होतं, ती वर्गापर्यंत, परीक्षेपर्यंत, फॉर्मच्या शेवटच्या तारखेपर्यंत पोचते का, एवढंच मला पाहायचं होतं.

दहा मार्कांसाठी

‘एनएसएसला का आलास?’ असं विचारलं तर दहातली सात मुलं खरं सांगतात: मार्कांसाठी. मुंबई विद्यापीठात राष्ट्रीय सेवा योजनेचं काम पुरं करणाऱ्याला दहा गुण मिळायचे, आणि या दहा गुणांनी कोकणातल्या किती नापासांना तारलं असेल त्याचा हिशेब नाही. आता नव्या शैक्षणिक धोरणात गुणांच्या जागी श्रेयांक आले. शब्द बदलला, मुलांचा हिशेब तोच राहिला. मला यात काही गैर वाटत नाही. देवळात प्रसादासाठी गेलेला मुलगाही घंटा वाजवतोच.

ही योजना सुरू झाली 24 सप्टेंबर 1969 ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. तेव्हाचे शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ती 37 विद्यापीठांत चालू केली, विद्यार्थी होते 40 हजार. आज देशातली शेकडो विद्यापीठं तिच्यात आहेत. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर. कागदावर हेतू समाजसेवेचा आहे आणि अहवालात बंधाऱ्याची लांबी-रुंदी येते. शिबिरात कोण कुणाच्या शेजारी झोपलं हे अहवालात कुठंच येत नाही. माझ्या मते सगळ्यात टिकाऊ बांधकाम तिथंच होतं.

मी गेले ते शिबिर तालुक्यातल्या एका लहान गावात होतं. मुली जिल्हा परिषदेच्या शाळेत, मुलगे सहाणेशेजारच्या सभागृहात. पहिल्या संध्याकाळी ट्रंका आणि चटया उतरल्या, आणि पाहता पाहता गावाचा नकाशा तयार झाला. बाजारपेठेतली मुलं एका भिंतीला, दसपटीतली दुसऱ्या. गोवळकोटकडच्या चार मुस्लिम मुली खिडकीखाली एकत्र. कॉमर्सवाले कॉमर्सवाल्यांत. रोज एकाच इमारतीत जाणारी ही मुलं एकमेकांना नावानंही ओळखत नव्हती.

कार्यक्रम अधिकारी म्हणजे कॉलेजातलेच एक प्राध्यापक. जेवणं झाल्यावर त्यांनी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या घातल्या आणि दहा-दहांचे गट पाडले. वासिष्ठी, शिव, जगबुडी, शास्त्री अशी नद्यांची नावं. कुरकूर झाली. एक मुलगी तर रडली, मैत्रिणीपासून ताटातूट झाली म्हणून. रात्री उशिरा चहा घेताना सर मला हळूच म्हणाले, ‘‘चिठ्ठ्या काढतो खऱ्या, पण थोडं इकडचं तिकडं करतो. प्रत्येक गटात एक तरी असा पाहिजे की ज्याला ऑफिसात जाऊन विचारायची भीती वाटत नाही. आणि एक तरी असा, ज्याचं नाव वर्गात वर्षभर कुणी घेतलेलं नाही.’’

पोतं गळ्यापर्यंत भरायचं नसतं

काम होतं वनराई बंधाऱ्याचं. मोहन धारियांच्या ‘वनराई’नं रुजवलेला हा बंधारा म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून पऱ्याला घातलेला बांध. पाऊस संपला तरी कोकणातले पऱ्ये डिसेंबरपर्यंत झुळझुळत असतात. ते पाणी अडवलं की आसपासच्या विहिरींना दोन महिने अधिक मिळतात. पुढच्या पावसात बंधारा वाहून जातो आणि पुढच्या वर्षीचं शिबिर तो पुन्हा बांधतं.

वासिष्ठी गटात बाजारपेठेतला एक मुलगा होता, दहावीला नव्वदच्या वर. जिद्दीनं फावडं मारून त्यानं पहिलं पोतं काठोकाठ भरलं, दाभणानं शिवलं आणि घाम पुसत उभा राहिला. गटातलाच दुसरा एक मुलगा तोपर्यंत अवाक्षर बोलला नव्हता. धनगरवाडीतला. घरापासून एसटीच्या स्टॉपपर्यंत पाऊण तास चालत येणारा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा. त्यानं पोत्याला पाय लावून पाहिला.

‘‘गळ्यापर्यंत नाय भरायचं. पोतं बसत नाय.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘चौथाई रिकामं ठेवायचं. मग ते पसरतं, बाजूच्याला चिकटतं. हे असं भरलंस तर दगडासारखं ऱ्हातं. फटीतनं पाणी जाणार.’’

शिवलेलं पोतं उसवलं गेलं. मग विटांसारखी सांधेमोड करत पोती रचायची, मधल्या फटींत चिखल आणि पेंढा चेपायचा, पाण्याच्या बाजूला उतार ठेवायचा, हे सगळं त्या धनगरवाडीतल्या मुलानं दाखवलं. तीन दिवस त्या पऱ्यात त्याचाच शब्द चालला. वर्गात ज्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता, त्याला नव्वद टक्केवाला ‘हे असं का रे?’ म्हणून विचारत होता. चौथ्या दिवशी भांडी घासताना मी पाहिलं, दोघांच्या बोलण्यात सेमिस्टरचा इंग्रजीचा पेपर आला होता. एकानं विचारलं आणि दुसऱ्यानं सांगितलं, पऱ्यात चाललं होतं तसंच, फक्त उलट्या दिशेनं.

मला वाटतं, मैत्रीला अशी एक तरी जागा लागते, जिथं वर्गातली उतरंड चालत नाही. स्वयंपाकघर ही दुसरी. गोवळकोटकडच्या मुलींपैकी एकीनं पन्नास माणसांच्या आमटीला मीठ किती लागतं ते अंदाजानं टाकलं आणि बरोबर टाकलं. तेव्हापासून ती शास्त्री गटाची गृहमंत्री झाली. पंगतीला मात्र पहिल्या दिवशी दोघीतिघी जरा सरकून बसल्या होत्या हेही मी पाहिलं. कोण कुणापासून सरकलं ते लिहीत नाही. सहाव्या दिवशी जागा उरली नव्हती, त्यामुळे सरकायची सोयही राहिली नाही.

अमेरिकेत राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली फेसबुकवरच्या सात कोटींहून अधिक लोकांच्या मैत्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब घरातल्या मुलांना सुस्थितीतल्या घरांतले मित्र जिथं जास्त मिळतात, तिथली गरीब मुलं मोठेपणी जास्त कमावतात, असं त्यात दिसलं. पण त्यातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळी आहे. एका शाळेत असणं आणि मैत्री होणं यात अंतर असतं. मोठमोठ्या शाळांत मुलं आपापल्यांतच राहतात, लहान गटांत हे अंतर कमी होतं. स्टीलच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांचं सरांचं शास्त्र काही अगदीच घरगुती नव्हतं म्हणायचं.

घाट चढून गेलेले

कोकणातल्या पोरांनी एकमेकांच्या आधारानं शिकणं हे काही आजचं नाही. मुरुडचे धोंडो केशव कर्वे, पुढं ज्यांना सगळा देश महर्षी म्हणू लागला, ते सहावीच्या परीक्षेसाठी मित्रांबरोबर पायी साताऱ्याला गेले होते. दापोली तालुक्यातल्या समुद्रकाठच्या गावातून, पावसापाण्यात, सह्याद्री चढून, शंभरावर मैल. साताऱ्यात परीक्षकांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि हा मुलगा सतरा वर्षांचा वाटत नाही म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. ‘आत्मवृत्ता’त कर्व्यांनी हे लिहून ठेवलं आहे. एवढी वाट तुडवून गेलेला पोर नकार घेऊन परत तीच वाट चालतो, तेव्हा बरोबर कुणी असणं-नसणं म्हणजे काय, ते चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडं नुसतं पाहिलं तरी कळतं.

आणि साने गुरुजी. पालगडचा पंढरी दापोलीच्या इंग्रजी शाळेत शिकला. घरची परिस्थिती अशी की पुढच्या शिक्षणासाठी औंधला गेला, तिथून पुण्याला. नूतन मराठी विद्यालयातून मॅट्रिक होईपर्यंत त्याला ज्यांचा आधार झाला, त्यात दापोलीच्या शाळेतला राम हा मित्र होता. गुरुजींच्या श्यामच्या गोष्टींत आईखालोखाल कुणी डोळ्यांत पाणी आणत असेल तर हा राम. पुढं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात छात्रालयाची जबाबदारी आली, तेव्हा गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक रोज स्वतः लिहून काढत. वसतिगृहातल्या मुलांना एकमेकांची रोजची खबर लागावी म्हणून एक माणूस रात्री बसून दैनिक लिहितो! आज ते काम व्हॉट्सअॅप ग्रुप करतो. अक्षर तेवढं सुंदर नसतं.

पुढं 4 जून 1941 ला एस. एम. जोशी दलप्रमुख असताना राष्ट्र सेवा दल नव्यानं उभं राहिलं आणि कोकणातल्या गावागावांत संध्याकाळच्या शाखा भरू लागल्या. त्या शाखांत खेळलेल्या पिढीतली माणसं आज ऐंशीच्या पुढं आहेत. चिपळुणातल्या अशा एका आजोबांना मी विचारलं, शाखेनं तुम्हाला काय दिलं? विचार, संस्कार असं काही ऐकायच्या तयारीनं मी वही उघडली होती. ते म्हणाले, ‘‘मुंबईत राहायला खोली.’’ शाखेतल्या मित्राचा मोठा भाऊ परळला राहायचा. गाववाल्यांच्या त्या खोलीत वीस जण, त्यात हे एकविसावे. दिवसा नोकरी, रात्री नाइट स्कूल. ‘‘झोपायची जागासुद्धा पाळीपाळीनं. पण जागा धरलेली असायची हो.’’

एकट्यानं सोडवलेली गणितं

1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात युरी ट्राइझमन नावाच्या तरुण संशोधकाला एक प्रश्न पडला. कलनशास्त्राच्या वर्गात कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येनं नापास होत आणि चिनी वंशाची मुलं उत्तम करत. प्राध्यापकांकडं कारणं तयार होती: तयारी कच्ची, घरी वातावरण नाही, जिद्द कमी, पैसा कमी. ट्राइझमननं दोन्हीकडची वीस-वीस मुलं घेतली आणि सरळ त्यांच्या मागं मागं फिरू लागला, खोलीपर्यंत, ग्रंथालयापर्यंत. एकेक कारण खोटं ठरत गेलं. कृष्णवर्णीय मुलं कष्टाळू होती. सांगितलेला अभ्यास सांगितलेले तास करत होती. पण एकटी. अडलं तर आपल्यालाच येत नाही असं धरून गप्प बसत होती. चिनी मुलं आधी एकेकटी अभ्यास करत आणि मग संध्याकाळी एकत्र जमत. खाणंपिणं व्हायचं, एकमेकांची उत्तरं तपासली जायची. कुणालाच न सुटलेलं गणित निघालं की ते अवघड आहे हे सगळ्यांना कळायचं, आणि ‘मीच ढ’ ही भावना उरायची नाही.

ट्राइझमननं मग कार्यशाळा सुरू केल्या. त्यात ढ मुलांची शिकवणी नव्हती. अवघड गणितं होती आणि ती गटात बसून सोडवायची होती. निकाल बदलले.

हे वाचताना मला आपली क्लासची संस्कृती आठवते. दहावीपर्यंत कोकणातल्या मुलांना कुणी हरवत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे असलेलं कोकण मंडळ 2012 पासून वेगळं झालं, तेव्हापासून दरवर्षी राज्यात पहिलं. 2024 च्या दहावीचा निकाल 99.01 टक्के. वर्तमानपत्रात मथळे येतात, पेढे वाटले जातात. त्याच मुलांतली कितीतरी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला इंग्रजीत लिहिलेल्या पहिल्या पानाशी अडतात आणि कुणाला विचारत नाहीत. नव्याण्णव टक्क्यांतल्या मुलाला ‘मला कळलं नाही’ म्हणायची सवय लागणार कुठून?

न्यूयॉर्कमध्ये 1989 साली डेबोरा बायल यांनी याच दुखण्यावर एक उपाय काढला. चांगल्या कॉलेजात पोचलेली गरीब वस्तीतली हुशार मुलं मधेच सोडून परत येत. त्यातला एक जण बोलता बोलता म्हणून गेला की माझी टोळी बरोबर असती तर मी राहिलो असतो. त्यावरून ‘पॉसी फाउंडेशन’ निघालं. पॉसी म्हणजे आपल्या भाषेत कंपूच. दहा मुलांचा कंपू आधी काही महिने एकत्र तयार करायचा आणि मग तो अख्खा एकाच कॉलेजात पाठवायचा. दहातली नऊ मुलं पदवी घेतात, असं संस्था सांगते. बाईंनी मुलाचं बोलणं शब्दशः घेतलं, एवढंच. आपल्याकडं ते मुलाच्या मनाच्या कमकुवतपणावर गेलं असतं.

ओटीपी

चिपळूणच्या मुलांना एकमेकांकडून नेमकं काय मिळतं, याची मी जुलैत वही भरली. प्रेरणा वगैरे शब्द त्यात एकदाही आला नाही. आलं ते असं.

जात पडताळणीचा अर्ज कधी करायचा. नॉन-क्रीमिलेअरचा दाखला कधीपर्यंत चालतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आधारला जोडलेलाच फोन लागतो, आणि तो फोन असतो बापसाच्या खिशात, बापूस असतो मुंबईला. मग ओटीपी आला की तो दहा मिनिटांच्या आत कळवायला बापसाला आधी फोन करून ठेवायचा. ही युक्ती एकीनं शोधली आणि शास्त्री गटाच्या दहाही जणांनी वापरली. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट, पुढं एक तृतीयांश भाडं भरून, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण 2024 च्या जुलैत सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि मराठा मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली, हे दसपटीतल्या एका मुलीला कळलं ते शिबिरातल्या मैत्रिणीकडून. तोवर तिच्या घरी ‘फार्मसी आपल्याला परवडत नाही’ यावर धाकट्या बहिणीचा विषय मिटलेला होता. तो पुन्हा उघडला.

धनगरवाडीत रेंज नाही. कॉलेजची नोटीस ग्रुपवर पडते ती त्या मुलाला दुसऱ्या दिवशी स्टँडवर उतरल्यावर दिसायची. शिबिरानंतर बाजारपेठेतल्या मित्रानं एक व्यवस्था केली. काही महत्त्वाचं असलं की तो एसटी स्टॉपवरच्या दुकानात फोन करतो, दुकानदार संध्याकाळी वर जाणाऱ्या कुणालाही सांगतो. परीक्षेचा फॉर्म भरायची वाढीव तारीख अशीच, दुधाची किटली घेऊन चाललेल्या एका काकांच्या तोंडी, वाडीवर पोचली होती.

याला मैत्री म्हणावं का, असा प्रश्न एखाद्याला पडेल. शहरात, शिकलेल्या घरांत ही माहिती हवेसारखी असते. काका इंजिनिअर असतो, मावशी बँकेत असते. ज्याच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला तोच पहिला, त्याला ती मित्रांकडून मिळवावी लागते. कोळकेवाडीला श्रमिक सहयोगची ‘प्रयोगभूमी’ आहे. कातकरी वस्त्यांतली आणि धनगरवाड्यांतली मुलं तिथं राहून शिकतात. गावातल्या शाळेत एकटं पडणारं मूल आपल्यासारख्या वीस जणांत असलं की वेगळं वागतं, हे तिथल्या कार्यकर्त्यांना सांगायला कुठल्या अभ्यासाची गरज पडलेली नाही.

पाणी

22 जुलै 2021 च्या पहाटे वासिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळुणात शिरलं. बाजारपेठेतले तळमजले बुडाले. एसटी आगारात पाणी भरलं तेव्हा आगारप्रमुख तिकिटांची सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर चढले आणि कित्येक तास तिथंच बसून राहिले. 1864 साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकं 2005 नंतर दुसऱ्यांदा पाण्यात गेली.

तेव्हा नववी-दहावीत असलेली मुलं आता कॉलेजात आहेत. नव्वद टक्केवाल्यानं सांगितलं, त्यांच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत पाणी होतं. वह्या, पुस्तकं, आईच्या लग्नातला अल्बम, सगळ्याचा लगदा. ‘‘पाणी उतरल्यावर चिखल काढायला बाहेरगावची पोरं आली होती. नाव-गाव माहीत नाही. एकानं माझी विज्ञानाची वही चिखलातून काढली, पान न् पान सुटं करून गच्चीवर दगडाखाली वाळत घातली. उपयोग शून्य. एक अक्षर वाचता येत नव्हतं.’’ तो थोडा हसला. ‘‘पण मी ती वही ठेवलीय. एनएसएसला आलो तो त्यामुळे. मार्क मला कशाला पाहिजेत?’’

कट्टा

मित्र तारतात तसे बुडवतातही. कॉलेजच्या बाहेर कट्टा आहे आणि कट्ट्यालाही स्वतःची हजेरी असते. एका जणानं लेक्चर चुकवलं की चौघं चुकवतात. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला एक जण लागला, महिनाअखेरीला रोख पगार आणि हप्त्यावर बाइक घेऊन आला, की त्याच्या मागं दोघं जातात. ही बातमीही मैत्रीतूनच पसरते, आणि शिष्यवृत्तीच्या बातमीपेक्षा पुष्कळ वेगानं.

मुलींचं आणखी वेगळं. शिबिरात ज्या गटात मुलगे-मुली मिळून पोती उचलत होते, त्या गटातल्या मुलीला गावच्या स्टॉपवर त्याच मुलाशी दोन मिनिटं बोलता येत नाही. कुणीतरी बघतं, घरी सांगतं. एका मुलीचं कॉलेज ‘मित्र फार झालेत’ या कारणानं महिनाभर बंद होतं. तिला परत आणायला गटातल्या तिघी मुलीच गेल्या, मुलांपैकी कुणी नाही. ते शहाणपण त्यांनी आपसांत ठरवलं होतं. तिघींनी पडवीत बसून तिच्या आईबरोबर अंबाडीची भाजी निवडली आणि कॉलेजचा विषय निघेपर्यंत काढला नाही.

आणि काही गोष्टी मैत्रीच्या हातातल्या नसतातच. बंधाऱ्यावरचा तो धनगरवाडीतला मुलगा फेब्रुवारीनंतर वर्गात दिसेना. दुकानात फोन करूनही निरोपाला उत्तर येईना, तेव्हा एका रविवारी वासिष्ठी गटातले तिघं वाडीवर गेले. बापूस झाडावरून पडून कंबर मोडून घरात. दवाखान्याचं कर्ज. मुलगा लोट्याला ठेकेदाराकडं लागला होता. तिघांनी खूप समजावलं, वर्गणी काढू म्हणाले. त्यानं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाला, ‘‘वर्गणी किती महिने काढाल?’’ याचं उत्तर वीस वर्षांच्या मुलांजवळ नव्हतं. ते त्यांच्याजवळ असावं अशी अपेक्षा करणंही चूक आहे. मैत्रीनं शिकता येतं असं म्हणत म्हणत आपण वसतिगृहं, निर्वाह भत्ते आणि वेळेवर जमा होणाऱ्या शिष्यवृत्त्यांचा विषय त्या पोरांच्या गळ्यात टाकतो की काय, असं मला परतताना वाटत राहिलं.

सहाची गाडी

तर, जुलैतली ती संध्याकाळ. कंडक्टरनं घंटी मारली. मी बाकाच्या दांडीला धरून उभी होते, पाण्याची अर्धी बाटली अजून आपल्या जागेवर होती. गाडीनं स्टँडचं फाटक ओलांडलं तसा मागून कुणीतरी गाडीवर थाप मारली. ड्रायव्हरनं शिव्या घालत ब्रेक मारला. दार उघडलं आणि तेलकट डागांचा निळा युनिफॉर्म घातलेला, पावसात अर्धा भिजलेला एक मुलगा आत चढला. त्याला ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. बंधाऱ्यावर तो अनवाणी असायचा, आता पायांत कंपनीचे जाड बूट होते.

‘‘अजून दोन मिनिटं उशीर केला असतास तर या मॅडम बसल्या असत्या तुझ्या जागेवर,’’ जर्नलवाली म्हणाली.

बाटली उचलून बसता बसता त्यानं माझ्याकडं पाहिलं, ओळखलं, आणि उठून जागा देऊ लागला. मी नको म्हटलं. पुढच्या बाकावरून बाजारपेठेतला तो नव्वद टक्केवाला मागं वळला. त्याचं घर स्टँडपासून पाच मिनिटांवर, तो या गाडीत कशाला, हे मला आधीच विचारायला हवं होतं. त्यानं सॅकमधून प्लॅस्टिकच्या फोल्डरात ठेवलेले कागद काढले. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.च्या प्रवेशाचे.

‘‘फोटो आणलास?’’

‘‘एकच आहे. जुना.’’

‘‘चालेल. एस.वाय.पर्यंतच्या मार्कशीटच्या झेरॉक्स मी काढल्यात. इथं सही कर. इथं पण. थांब, खड्डा जाऊ दे.’’

फोल्डर त्याच्या गुडघ्यावर. गाडी खेर्डीच्या पुढं आली होती. त्यानं पेन उघडलं, हात युनिफॉर्मला पुसला आणि खड्डा संपायची वाट बघत थांबला.